हात वर

नगर परिषदेच्या सभागृहात मामांनी तीस वर्षं इतिवृत्तं लिहिली. कोण काय बोललं, कोणी विरोध केला, किती हात वर झाले, सगळं त्यांच्या टपोऱ्या अक्षरात. स्वल्पविरामावरून ते कोणाशीही हमरीतुमरीवर यायचे, म्हणून गल्लीनं माघारी त्यांचं नावच 'स्वल्पविराम' ठेवलं होतं. निवृत्त झाल्यावर माणसं झाडांना पाणी घालतात. यांनी भाचीला निवडणुकीला उभं केलं.

भाचीचं चष्म्यांचं दुकान होतं. जीभ फटकळ, मन सरळ. उभं राहण्याचं कारण एकच, कोपऱ्यावरचा दवाखाना. तो शहराच्या दुसऱ्या टोकाला हलवायचं परिषदेत घाटत होतं. मामींच्या पायाच्या जखमेची पट्टी दिवसाआड तिथंच बदलायची. दवाखाना गेला की दोन बस बदलणं आलं, आणि मामींना तर घराची पायरी उतरायलाही कोणाचा तरी खांदा लागे.

सहा महिने मामांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर भाचीचा वर्ग घेतला.

"विषयपत्रिका घरून वाचून जायची. कळलं नाही ते मंजूर करायचं नाही. शंका आली की लाजायचं नाही, सरळ हात वर करायचा."

"अहो, पोरीला पाणी तरी पिऊ द्या," मामी म्हणायच्या. "की त्यालाही ठराव लागतो?"

गल्लीलाही त्यांनी सोडलं नाही. भाचीचं पत्रक वाटताना विरोधकाचंही सोबत द्यायचे. "दोन्ही वाचा, मग ठरवा. आणि मत देऊन मोकळे होऊ नका, सभेला या. मागाहून कोण काय कारणं सांगतं ते ऐकू नका, हात कुठं जातो ते बघा." लोक आधी हसले. मग खरंच वाचायला लागले, दारात येऊन भाचीला उलटसुलट विचारायला लागले, आणि भाची निवडून आली. शिवणकाम करणाऱ्या काकू तर मामांना म्हणाल्या, "जन्मात पहिल्यांदा वाचून मत दिलं हो!" त्या दिवशी मामांना दोन घास जास्त गेले.

पहिल्या सभेला प्रेक्षकांच्या बाकांवर अख्खी गल्ली हजर. सदस्य अकरा. दवाखाना हलवावा म्हणणारे पाच, नको म्हणणारे पाच, आणि अकरावी भाची.

अध्यक्षांनी विषय वाचला आणि त्याच दमात म्हणाले, "अनुकूल?" पाच हात वर झाले. भाची घाईघाईनं कागद उलटत होती. नव्या जागेचा अहवाल सभेत मिळेल असं विषयपत्रिकेत म्हटलं होतं, तो जोडलेलाच नव्हता. तिला शंका आली. तिनं सरळ हात वर केला.

मामा बाकावर पुढे सरकले. या सभागृहात प्रश्न उभं राहून विचारतात. हात वर होतो तो फक्त मताला. तीस वर्षं ते हेच बघत आले होते. घरी 'हात वर करायचा' हे ते शाळेतल्यासारखं बोलून गेले होते, आणि इथली रीत इतकी अंगवळणी पडलेली की पोरीला सांगायचं सुचलंच नाही.

"सहा. मंजूर."

"अहो, मला प्रश्न विचारायचा होता!"

"विचारा की," अध्यक्ष म्हणाले. "पुढच्या विषयावर." दोघंतिघं हसले.

मामा ताडकन उठले. तोच शिपाई लगबगीनं आला. "मामा, बसा, नाहीतर बाहेर न्यावं लागेल." त्यानं भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. 'प्रेक्षकांनी बोलू नये.' अक्षर मामांचंच होतं. ते खाली बसले.

सभा संपताच त्यांनी लेखनिकाला गाठलं. त्यांच्याच हाताखाली तयार झालेला माणूस. "नोंद दुरुस्त कर बाबा. तो हात प्रश्नाचा होता."

लेखनिकानं पेनाला टोपण लावलं. "मामा, जाहीर झालेला आकडा लिहायचा, मनातला नाही. तुम्हीच शिकवलंय." बोलताना त्याची मान खाली होती. या खुर्चीत आपण असतो तर हेच बोललो असतो, हे मामांना पुरतं ठाऊक होतं, आणि तेच जास्त लागलं.

बाहेर फाटकाशी काकू थांबल्या होत्या. भाचीनं त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी पाहिलं नाही.

"चूक माझी आहे," मामा म्हणाले. "मीच तिला चुकीचं शिकवलं."

"असेल हो. पण कारणं ऐकू नका, असं तुम्हीच सांगितलं होतंत. हात तिचाच होता. आम्ही सगळ्यांनी पाहिला."



घरी भाची त्याच टेबलाशी बसली. डोळे लाल. "आता काय करू, मामा?"

मामांकडे प्रत्येक अडचणीला एक नियम असायचा. आज त्यांनी डोकं खाजवलं, चष्मा पुसला, पुन्हा लावला. "पुढच्या सभेत... उभी राहून विचार."

"मंजूर झालेला विषय पुन्हा घेतात?"

"नाही," मामा म्हणाले. "वर्षभर नाही."

मामींनी पट्टीचा पाय स्टुलावर नीट केला. दोघांच्या तोंडांकडे एकदा पाहिलं. "बरं, ती दुसरी बस कुठून सुटते गं?"

ते भाचीला माहीत होतं. विषयपत्रिकेच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात छापलं होतं, आणि ती घरून वाचून गेली होती.