कवडूजींची तुला

"स्थूलता हा आजार नसून राहणीचा प्रश्न आहे. सबब वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च या पॉलिसीत बसत नाही. कळावे."

विमा कंपनीचं हे पत्र वामनरावांनी कचेरीत मोठ्यानं वाचलं आणि सगळे हसले. सर्वांत आधी हसले ते स्वतः कवडूजी. आपल्यावरच्या विनोदाला आपणच आधी हसायचं, म्हणजे कमी लागतो, हे ते शाळेतच शिकले होते.

साल अठ्ठ्याऐंशी. नागपुरातल्या एका कापडगिरणीची कचेरी. कवडूजी तिथले रोखपाल, वजन एकशे बत्तीस किलो. गुडघे गेलेले, साखर वाढलेली. डॉक्टरांनी बजावलं होतं, "मुंबईला जाऊन जठर लहान करायचं ऑपरेशन करून घ्या. नाहीतर पोरीचं लग्न पाहाल की नाही, सांगता येत नाही."

खर्च चोवीस हजार.

वामनराव हेडक्लार्क, कवडूजींचे वीस वर्षांचे दोस्त. कवडूजींवरचे निम्मे विनोद त्यांचेच. पण माणूस मनानं लाखाचा! त्यांनी टेबलावर थाप मारली.

"तुझी तुला करू गा, कवडू! एका पारड्यात तू, दुसऱ्यात रुपयाची नाणी. इतवारीतले भैय्याजी भांडेवाले मोठे हौशी. पेपरात फोटो येते म्हटलं, की पारडं भरूनच देतील."

भैय्याजी कबूल झाले. काटा सरळ होईल तितकी नाणी त्यांची.

मग वामनरावांनी कागद ओढला. नाणं सहा ग्रॅमचं. किलोला एकशे सहासष्ट. एकशे बत्तीस किलोंचे बावीस हजार. कमी पडतात दोन हजार.

म्हणजे?

म्हणजे बारा किलो!

"कवडू," वामनराव गंभीरपणे म्हणाले, "तुझं वजन कमी पडून राहिलं."

दुसऱ्या दिवशी फळ्यावर सूचना लागली :

सोमवार – पाटवडी, तर्रीसकट (हिशेब विभाग).
मंगळवार – बासुंदी.
बुधवार – सावजी मटण, दोन ताटं (वामनराव स्वतः).
गुरुवार – उपास. म्हणून साबुदाणा, रताळी, शिंगाड्याचा शिरा.
शुक्रवार – उरलेलं सगळं, वर संत्रा बर्फी.

कवडूजींची बायको सिंधूताई कचेरीत आली. "भाऊजी, डॉक्टरांनी यांचा भातही बंद केला आहे."

"वहिनी, एक महिना खाऊ द्या. मग जन्मभर बंदच आहे!"

"अगा, पोट दुखून राहिलं," कवडूजी पुटपुटत.

"तुझ्याच ऑपरेशनसाठी खाऊन राहिला ना तू? घे, अजून एक वडी."

तुलेचा दिवस. इतवारीत धान्याच्या गोदामापुढे मोठा काटा. पताका, बँड, फोटोवाला. भैय्याजी फेटा बांधून उभे. पारड्याकडे जायला चार पायऱ्या.

पहिली.

दुसरी.

तिसरीवर कवडूजींचा श्वास अडकला. ओठ काळेनिळे पडले. ते तिथंच खाली बसले.

"क्रेन बोलवा!" गर्दीतून कुणी ओरडलं. हशा उसळला. वामनरावही हसणार, तोच त्यांची नजर मित्राच्या चेहऱ्यावर गेली. वीस वर्षांत प्रथमच कवडू आधी हसला नव्हता. तो घाबरला होता!

गोदामातला म्हातारा हमाल देवाजी धावत आला. त्यानं कवडूजींच्या पाठीला खांदा दिला, घोट घोट पाणी पाजलं.

"बाबूजी, तुलेसाठी खाऊ घालून याचं वजन वाढवलं म्हणतात. किती?"

"आठ किलो," वामनराव म्हणाले.

"काहून?"

"कमी करायसाठी."

आपलंच उत्तर कानांवर पडलं आणि वामनरावांना धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

देवाजी शांतपणे बोलला, "तीस वर्षं पोती उचलून राहिलो मी. पोतं जड निघालं तर आम्ही त्याच्यावर हसत नाही, दुसऱ्या गड्याले हाक मारतो. या माणसाले टीबी असता, तर काट्यावर बसवलं असतं तुम्ही? चादर फिरवून पैसे जमवले असते. मग याच्याच दुखण्याचा तमाशा काहून?"

बँड थांबला. भैय्याजींनी फेटा उतरवला. "अरे, हा बिमार आहे हे मले कोणी सांगितलंच नाही! मी समजलो गंमत आहे. काटा राहू द्या. आधीच्या वजनाचे बावीस हजार मी देतो, घेऊन जा. अन् फोटोवाल्याले घरी पाठवा."

वामनरावांनी खांद्यावरचं उपरणं जमिनीवर पसरलं. आपल्या हातातलं घड्याळ त्यावर पहिलं ठेवलं. मघाशी क्रेन मागणाराही खिसे चाचपत पुढे आला. राहिलेले दोन हजार उभ्या उभ्या जमले!

ऑपरेशन मात्र लांबलं. मुंबईच्या डॉक्टरांनी आधी ते आठ किलो उतरवून आणायला सांगितलं. मग वामनराव रोज सकाळी कवडूजींना फिरायला नेऊ लागले. शंभर पावलं चालायचं, दम खायचा, पुन्हा शंभर. एकदा रस्त्यावरची दोघं जणं बघून फिदीफिदी हसली. वामनराव गरकन वळले.

"काहून हसून राहिले? माणूस बिमार आहे!"

मित्रहो, जाड माणसाला आपण खादाड ठरवतो, त्याच्यावर हसतो आणि वर आग्रहानं त्याच्याच पानात वाढतो. स्थूलता हे दुखणं आहे. दुखण्याला विमा मिळो न मिळो, माणसाला माणूस मिळायलाच हवा!

"चल गा," कवडूजी धापा टाकत म्हणाले, "भांडत बसला तर माझी शंभर पावलं कोण मोजंल?"