दगडावरचं मांजर

"शांत! यंत्र श्वास घेतंय!"

इल्मो सार्निओने दोन्ही हात वर केले आणि जुन्या डेअरीच्या थंडगार हॉलमधली गर्दी हातमोज्यांसकट जागच्या जागी थिजली. समोर टेबलावर रेनडिअरचं कातडं, कातड्यात गुंडाळलेला दूर उत्तरेतल्या लॅपलँडचा म्हणे शक्तीचा दगड, आणि दगडावर कुणाचा तरी चाळीस वर्षं जुना, बंद पडलेला कॉम्प्युटर. लोकांची कॉफी आणि दालचिनीचे गोड पाव संपेपर्यंत त्या यंत्राने दगडावर 'मौन' धरायचं आणि तोवर त्याला कुणी शिवायचं नाही, असा नियम होता. मग इल्मो पुटपुटला, फुंकर मारली, बटण दाबलं. पडदा निळा झाला. कोपऱ्यात पांढरा चौकोन लुकलुकू लागला.

"उठलं! उठलं!" लोक ओरडले.

"आणि सांगून ठेवतो," इल्मो म्हणाला, "याला सोल्डरिंग गन लावाल, तर काळजात सुरी खुपसाल. घरी नेल्यावर पुन्हा बंद पडलंच, तर समजा, तुमच्या शंकेने मारलं. मग मात्र ते माझ्याकडे विसाव्याला द्यायचं."

खिडकीजवळच्या दुरुस्तीच्या टेबलाशी म्हातारी तेल्लेर्वो सोल्डरिंग गन हातात धरून बसली होती. त्या टेबलाभोवती पूर्वी रांग लागायची. तरुणपणी ती कागद गिरणीत कॉम्प्युटरवर कामाला होती. तेव्हा एक यंत्र अख्खा हॉल व्यापायचं, आणि त्याचा नुसता घूं-घूं आवाज ऐकून त्याला काय दुखतंय ते तिला कळायचं. आता तिच्याकडे कुणी पाव चिकटलेला कीबोर्डसुद्धा आणत नव्हतं.

तेही तिने गिळलं असतं. पण लेम्पी? जन्माची मैत्रीण! लेम्पीच्या नवऱ्याने, कार्लोने, बायकोसाठी पत्त्यांचा एक खेळ लिहिला होता. ती हरली की पडद्यावर तिची थट्टा उमटायची. कार्लो गेला. त्याने स्वतः फेरफार केलेल्या त्या कॉम्प्युटरशिवाय खेळाची कॅसेट कशातच चालत नसे, आणि तोच बंद पडला. तेल्लेर्वोने तपासून सांगितलं होतं, "आतले वीज साठवणारे कपॅसिटर बदलायला हवेत. भाग येईपर्यंत थांब." लेम्पी थांबली नाही. इल्मोकडे गेली, आणि त्याने तो बसल्या जागी चालू करून दाखवला.

"तुझ्या हाताला आता गुण राहिला नाही गं," लेम्पी म्हणाली होती. ते वाक्य तेल्लेर्वोच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकलं होतं.

आणि आज तोच कॉम्प्युटर पुन्हा मेलेला. लेम्पी तो दुलईत गुंडाळून घेऊन आली होती. "आजचा शेवटचा प्रयत्न," ती डोळे पुसत म्हणाली. "घरी गेल्यावर पुन्हा गेला, तर इल्मोला देऊन टाकणार. माझंच मन खोटं असणार."

तेल्लेर्वोला राहवलं नाही. "लबाडी आहे! हा आतले भाग बदलतो!"

"बघ की उघडून," इल्मो हसला. लेम्पीच्या यंत्राच्या स्क्रूवर, कुणी उघडलं तर कळावं म्हणून तपासताना तेल्लेर्वोनेच लावलेला लाल रंग शाबूत होता. हॉलभर हशा पिकला.

"तेल्लेर्वो, पोटात दुखतंय होय?" कुणीतरी म्हणालं.

दुखतच होतं. ती लाल होऊन मागे सरली. तेवढ्यात डेअरीचं मांजर आलं. शेगडीजवळची ऊब सोडून कधी न हलणारं ते आळशी जनावर थेट टेबलावर चढलं आणि कॉम्प्युटरशेजारी कातड्यावर मुटकुळं करून घुरघुरू लागलं.

"पाहा! मुक्या जीवालाही शक्ती कळते!" इल्मो गरजला. लोकांनी टोप्या काढल्या.

तेल्लेर्वो मात्र मांजराकडे बघतच राहिली. मांजराला जगात दोनच गोष्टी कळतात, आणि मासा तर तिथे नव्हता.

"इल्मो," ती म्हणाली, "दगड जरा बाहेर बर्फात ठेवू या. यंत्रही ठेवू. मग कर चमत्कार."

"शक्तीचा अपमान होतो!"

"लॅपलँडची शक्ती बर्फाला भिते?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. इल्मो कातडं आवळू लागला, पण त्याआधीच लेम्पीने हातमोजा काढून कातड्याच्या आत हात घातला होता. "अगंबाई! हा तर सौनाच्या भट्टीतून काढल्यासारखा तापलाय!"

घरोघरी त्याच दगडाच्या शेगड्या. रात्री विझवल्या तरी सकाळपर्यंत कोमट. आणि त्याच गावाला हे सुचू नये! चालू यंत्र आपोआप गरम होतंच, म्हणून नंतर हात लावणाऱ्यालाही शंका येत नसे.

तेल्लेर्वोने लेम्पीचा कॉम्प्युटर बर्फात ठेवला. गारठल्यावर आत आणून बटण दाबलं. मेलेला. मग तिने शेजारच्या, बर्फाच्या तळ्यात पोहणाऱ्यांच्या खोलीतला हेअर ड्रायर आणून लेम्पीच्या हातात दिला. "चल, तू कर चमत्कार."

लेम्पीने मागच्या जाळीतून गरम वारा सोडला. थोड्या वेळाने बटण दाबलं. पडदा निळा झाला.

"कपॅसिटरमधला ओलावा वाळत आला, की थंडीत ते वीज धरत नाहीत," तेल्लेर्वो म्हणाली. "ऊब दिली की घटकाभर चालतात, निवले की पुन्हा बंद. वर तापवून तापवून ते फुटतात आणि त्यातून गळलेला द्रव आतली सर्किटची पट्टी खातो. तोवर तुम्ही वैतागून यंत्र याला देता. 'विसाव्याला' दिलेली यंत्रं कुठे आहेत, की दुरुस्त करून विकली, ते आता यालाच विचारा."

लोक वळले, तोवर इल्मो दगड तिथेच टाकून गाडीकडे निघाला होता.

"पण तू हे हेव्याने केलंस," मघाचाच माणूस पुटपुटला.

"हो, हेव्यानेच केलं," तेल्लेर्वो म्हणाली. "पण हेअर ड्रायरला कुणाचा हेवा वाटतो का? माझ्यावर विश्वास ठेवू नका. त्याच्यावरही ठेवू नका. गार करून बघा, गरम करून बघा, उघडून बघा. ज्याला हात लावू देत नाहीत, त्याला आधी हात लावा."

काही दिवसांनी भाग आले. तेल्लेर्वोने सोल्डरिंगचे टाके मारून ते बसवले. लेम्पीने कॅसेट घातली, पत्ते पडले, आणि ती पहिलाच डाव हरली. पडद्यावर अक्षरं उमटली: 'पुन्हा हरलीस, लेम्पी. ऊठ, कॉफी कर.'

लेम्पी रडत रडत हसली, आणि उठून दोन कप घेऊन आली. एक तिने खिडकीजवळच्या टेबलावर ठेवला.