माझा चढा सूर

मित्रांनो, मी एक जुनी कॉन्सर्टिना आहे. नाव जड वाटलं तर पेटीची धाकटी बहीण म्हणा. सहा कोनांची, दोन हातांत मावणारी, मधे भाता. वय एकशे तीस. भाता आजही कुठे फुसफुसत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

जन्म लंडनच्या कारखान्यातला, पण मी आयर्लंडची. क्लेअरच्या किनाऱ्यावरच्या हेहीर घराण्याची. आमच्याकडे पेटी कपाटात ठेवत नाहीत. चुलीशेजारी भिंतीत कोनाडा असतो, तिथे ठेवतात, म्हणजे समुद्राची ओल सुरांना धरत नाही. स्वयंपाकघराच्या फरशीवर लोक नाचायचे आणि मी वाजायचे. टाचांचा आवाज शेजारच्या गावात जायचा!

खोट एकच. माझी घडण जुन्या पट्टीतली. त्यामुळे माझा प्रत्येक सूर आजच्या वाद्यांपेक्षा किंचित चढा. गिटारबरोबर वाजले की कानाला बोचतं. मला वाजवायचे घरातले पॅकीआजोबा. त्यांची बोटं आखडली, आणि मग कितीतरी वर्षं मी कोनाड्यातच बसून होते.

मला बाहेर काढलं त्यांच्या भावाच्या नातीनं, लासरीनानं. सात वर्षांची होती. आता चोवीस. स्वतः गाणी लिहिते, गाते. या वर्षी तिची पहिली तबकडी यायची होती, आणि त्यातलं मुख्य गाणं तिनं माझ्यावरच बांधलेलं.

डब्लिनला ध्वनिमुद्रण करणारा डोनाखा म्हणाला, "गाणं झकास आहे गं. पण ही म्हातारी सगळ्यांच्या वर चालते. सूर घासून खाली आण, नाहीतर वगळ."

मित्रांनो, माझ्या पोटात धातूच्या पत्त्या आहेत, सूर त्यांचाच, आणि घासलेली पत्ती परत वाढत नाही. माझा आवाज गेला की गेला. लासरीनाला ते कळत होतं. मला पिशवीत घालताना तिनं तीनदा चेन लावली, तीनदा उघडली.

रविवारी दुपारी गावच्या पबमध्ये गाणंबजावणं चालू होतं. पेट्या दुरुस्त करणारा सेनन लासरीनाच्या बोलावण्यावरून कानस घेऊन आला. दुसऱ्या हातात त्याचं फिडल, म्हणजे आमच्याकडचं व्हायोलिन.

"कशाला आलास रे?" पॅकीआजोबांनी विचारलं.

"हिच्या पेटीचे सूर उतरवायला. आधी बिअरचा एक पिंट घेतो, हात स्थिर होतात."

"तुझे? तुझे हात पिंटनंच हलायला लागलेत!"

सगळे हसले. आजोबा हसले नाहीत. त्यांनी डोळे मिटून एक जुनं गाणं म्हटलं. आमच्याकडे नियम आहे, ज्याचं गाणं संपतं त्यानं पुढच्याचं नाव घ्यायचं. आणि ज्याचं नाव घेतलं, त्यानं नाही म्हणायचं नाही.

"लासरीना," आजोबा म्हणाले, "तुझं नवं गाणं. पेटीवर."

"आजोबा, सूर जुळत नाहीत."

"नाही म्हणायचं नसतं पोरी."

ती गायली. मी जीव ओतून वाजले. बाकीच्यांनी वाद्यं मांडीवर ठेवली होती, नेहमीसारखीच. दुसरं कडवं सुरू झालं आणि शेजारी कुरकुर ऐकू आली. सेनन फिडलची खुंटी पिळत होता. एक तार वर, दुसरी वर. माझ्यापर्यंत पोचला आणि वाजवायला लागला. मग कोपऱ्यातली गिटार चढली. मग दुसरं फिडल. चाळीस वर्षं या माणसांनी मलाच चढी म्हटलं होतं. तारा वर घेता येतात, हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं!

गाणं संपलं. सेननच्या कपाळावर घाम.

"कानस?" आजोबांनी विचारलं.

"कसली कानस? मी पिंट प्यायला आलोय."

लासरीनानं तिथूनच फोन लावला. "डोनाखा, पेटी घासायची नाही. गिटारी चढव."

"सगळ्या?"

"दोनच तर आहेत रे!"

तबकडी आली. पहिल्याच गाण्यात पहिला श्वास माझा आहे, ऐका.

एवढंच मागणं आहे मित्रांनो. जुन्या वाद्याला ओलीपासून जपा. आणि ते जुळत नाही म्हणून कानस उचलण्याआधी, आपली खुंटी एकदा पिळून बघा.