माझ्यावर विश्वास ठेवू नका, असे मीच लिहून दिले

मी किल्ली बोलते आहे. पण मला खिशात किंवा खुंटीवर शोधू नका. मी एक प्रचंड मोठी संख्या आहे. एका वकीलबाईंच्या संगणकात सहा वर्षे राहिले. आता थकले आहे, म्हणून मोजकेच सांगते.

माझा जन्म त्यांच्या कचेरीत, एका दुपारी झाला. बाईंची भाची संगणकाचे शिक्षण घेतलेली. ती म्हणाली, "मावशी, माऊस उगाच इकडेतिकडे फिरवत राहा. जितकं निरर्थक, तितकं चांगलं."

"निरर्थक फिरवाफिरवी ना? कोर्टात रोज तेच बघते मी," बाई म्हणाल्या.

त्या फिरवाफिरवीची मदत घेऊन यंत्राने दोन अवाढव्य मूळ संख्या निवडल्या आणि त्यांपासून आम्ही दोघी जुळ्या घडलो. दोन संख्यांचा गुणाकार क्षणात होतो. मात्र केवळ गुणाकार हाती देऊन त्या दोन संख्या शोधा म्हटले, तर आजच्या यंत्रांचे आयुष्य सरेल, असे जाणकार मानतात. आमची सारी सुरक्षितता या एका अडचणीवर उभी आहे.

माझी जुळी सार्वजनिक, मी खाजगी. भाचीने समजावले, "ती म्हणजे उघडं कुलूप समज. कोणालाही दे. त्यांनी पत्र लिहायचं, कुलूप दाबून लावायचं आणि पाठवायचं. लावणाऱ्यालाही ते पुन्हा उघडत नाही. उघडणार फक्त ही दुसरी. हिला उंबरा ओलांडू द्यायचा नाही." शिवाय माझ्यावर एक परवलीचा शब्द घातला. बाईंना तो ठाऊक होता, आणि आलेली पत्रे छापून फायलीत लावणाऱ्या काकांना.

काका म्हणजे बाईंच्या वडिलांच्या काळापासूनचे कारकून. कपाटाच्या प्रत्येक किल्लीला दोरा, दोऱ्याला चिठ्ठी. माणूस अतिशय नेकीचा. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे तुम्हाला त्यांचा राग येईल.

सहा वर्षे मी पत्रे उघडली. जुळी जगभर फिरली, मी जागची हलले नाही. माणसे फार विचित्र. 'हे कोणाला कळता कामा नये' असे लिहितात आणि त्याच पत्राची प्रत मेहुण्याला धाडतात. पत्र कोणी कोणाला लिहिले, हे मला झाकता येत नाही. आतला मजकूर तेवढा झाकला जातो. एवढी मर्यादा मान्य करून मी काम करत राहिले.

बाईंच्या अशिलांत एक परिचारिका होती. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून ती मुलीला घेऊन घराबाहेर पडली होती. नवी खोली कुठे घेतली, हे तिने फक्त बाईंना कळवले होते, कुलूपबंद पत्रातून. तिच्या जुन्या मेलवर नवऱ्याची नजर असावी, असा बाईंना संशय होता.

"खातं बदला, ताई," बाई म्हणाल्या.

"रुग्णालयाच्या पाळ्या त्यावरच येतात हो. आणि वाचू दे की त्याला. बसेल डोकं खाजवत."

तिचे म्हणणे खरे होते. तो खरोखरच डोकं खाजवत बसला होता.

मग तिचा मोबाईल बिघडला. नव्या मोबाईलवर जुळी नव्हती. तिने लिहिले, 'किल्ली पुन्हा पाठवा.' बाई कोर्टात निघाल्या होत्या. जिन्यातूनच म्हणाल्या, "काका, तेवढी ताईंना किल्ली पाठवा."

काकांनी संगणकातला कप्पा उघडला. आत आम्ही दोघी. त्यांनी आयुष्यात कोणाला नुसते कुलूप दिले नव्हते. त्यांनी दोघींनाही पाठवले आणि खाली सुवाच्यपणे लिहिले : 'दोन्ही जोडल्या आहेत. परवलीचा शब्दही देत आहे, म्हणजे अडायला नको.'

दुसऱ्या दिवशी, रुग्णालयातली पाळी संपल्यावर, परिचारिकेचा फोन आला. "बाई, मला दोन कशाला पाठवल्या?"

बाईंनी काकांचे पत्र पडद्यावर उघडून पाहिले. मग हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, मुलीला शाळेतून घ्या. खोलीवर जाऊ नका. सरळ इकडे या."

फोन ठेवल्यावर त्यांनी काकांकडे पाहिले. काका म्हणाले, "कुलूप दिलं आणि किल्ली ठेवून घेतली, तर ताईंनी ते उघडायचं कशानं? मला वाटलं, तुम्ही घाईत विसरलात."

"तिनं उघडायचंच नव्हतं, काका."

काकांनी आपलेच पत्र पुन्हा उघडून वाचले.

तोवर उशीर झाला होता. माझी प्रत म्हणजे दुसरी कोणी नसते. ती मीच असते. तिच्या जुन्या मेलमधून मी तिच्या नवऱ्याच्याही संगणकात पोचले होते. त्याने परवलीचा शब्द घातला, बायकोने पाठवलेली पत्रे एकेक करून माझ्यापुढे धरली. मी उघडली. खोलीचा मजला, दाराचा रंग, शाळा सुटण्याची वेळ, सारे त्याला दिसले. त्याच संध्याकाळी तो त्या दारापुढे उभा राहिला. घरमालकीण म्हणाली, "सामान आहे, माणसं नाहीत." परिचारिका आणि मुलगी तेव्हा बाईंच्या माजघरात बसल्या होत्या. मुलीच्या अंगावर शाळेचाच गणवेश होता; दुसरे कपडे खोलीवरच राहिले होते.

भाचीने नवी जोडी घडवली. वाटेत कोणी किल्ली बदलली नाही ना, हे पाहायला नव्या सार्वजनिक किल्लीची चाळीस अक्षरांची खूण परिचारिकेने मोबाईलवर मोठ्याने वाचली, काकांनी ती पडद्यावरच्या खुणेशी अक्षरागणिक ताडली. मध्ये एकदा ते थांबले. "पुन्हा वाचा, ताई. आता घाई नको मला."

त्यानंतर मला रद्द केले. रद्द करण्याचा दाखला त्याच किल्लीच्या सहीने निघतो, असा आमच्यातला नियम आहे. 'ही किल्ली परक्याच्या हाती गेली आहे, हिच्यावर विश्वास ठेवू नये' या मजकुराखाली मी सही केली. ते माझे अखेरचे प्रामाणिक काम.

खटला अजून चालू आहे. जुनी पत्रे माझ्याशिवाय उघडत नाहीत, म्हणून मला पेन ड्राइव्हवर घालून कपाटात ठेवले आहे. निकाल लागला की मला पुसून टाका, एवढे बाईंना सांगायचे आहे. अर्थात इथून पुसले तरी तिथून मी पुसली जाणार नाही.

तुमच्याकडेही माझ्यासारखी एखादी असेल. तिला जपा. आमच्यापुढे कोणीही पत्र धरले की आम्हाला उघडावेच लागते. नाही म्हणणे आम्हाला दिलेले नाही. ते तुम्हालाच म्हणावे लागते, आणि आम्हाला कोणाच्या हाती देण्याआधी.