मित्रासाठी म्हणून आणलेला फॉर्म

जानेवारीच्या कडाक्यात मोरेश्वर बापटांच्या पार्सिपनीच्या घरातला, घर गरम ठेवणारा जुना बॉयलर बंद पडला. दुरुस्तीवाल्याने बेसमेंटमध्ये टॉर्च मारून पाहिलं आणि नवाच घ्यावा लागेल म्हणून सांगितलं. बापटांकडे तेवढे पैसे नव्हते. पत्नी सुलभाताईंना पक्षाघात झाल्यापासून निवृत्तीची पुंजी त्यांच्या देखभालीतच संपत आली होती. ही गोष्ट बाहेर कुणालाच ठाऊक नव्हती. मराठी मंडळाचे हे माजी अध्यक्ष अजूनही गणपतीची पहिली देणगी स्वतःच देत.

चार दिवस दोघांनी एका खोलीत, छोट्या हीटरपुढे काढले. पाचव्या दिवशी सुलभाताईंची बोटं निळसर दिसली, तेव्हा ते शेजारणीला त्यांच्यापाशी बसवून काउंटीच्या सरकारी मदत कार्यालयात गेले.

टेबलामागे, एकेकाळी मंडळात येणाऱ्या सुचित्राची मुलगी केया बसली होती.

"काका! तुम्ही इथे?"

"एका मित्रासाठी फॉर्म हवाय," ते घाईने म्हणाले. "त्याचा बॉयलर गेलाय."

"शुअर. पण साइन त्यांनाच करावी लागेल हं. घरात कुणी आजारी असेल तर तेही लिहायला सांगा, केस लवकर मूव्ह होते."

फॉर्म घेऊन ते गाडीत येऊन बसले. चौदा वर्षांपूर्वी, घटस्फोटानंतर, सुचित्राने मंडळाकडे घरभाड्यासाठी मदत मागितली होती. भर सभेत बापट म्हणाले होते, "हात पसरायला आलो का आपण या देशात?" दहा वर्षांची केया तेव्हा आईला चिकटून बसली होती. सुचित्राने पुन्हा मंडळात पाऊल ठेवलं नाही.

गाडीतच फॉर्म भरून ते परत आत गेले.

"केया, मित्र वगैरे कुणी नाही. घर माझंच आहे."

तिने फॉर्म वाचला. "काकू आत्ता त्या थंडीत आहेत?" एवढंच विचारून तिने फोन उचलला. "आज दोन हीटर येतील. केस इमर्जन्सीत टाकते."

"त्या सभेत मी जे बोललो..."

"मला आठवतं, काका. पण मला सॉरी नका म्हणू. आईला म्हणा."

बारा दिवसांनी नवा बॉयलर बसला. त्या दुपारी सुलभाताई शाल काढून झोपल्या आणि मोरेश्वरांनी सुचित्राला फोन लावला. सभेबद्दल माफी मागितली. बॉयलरचंही सगळं सांगितलं, काहीही न लपवता.

"केया मला एका शब्दाने बोलली नाही," सुचित्रा म्हणाली.

"ऑफिसातलं तिने बाहेर सांगायचं नसतं. म्हणून मी सांगतोय."

"माफ केलं असं मी आज नाही म्हणू शकत. पण सुलभाताईंना भेटायला येईन."

रविवारी ती आली. मोरेश्वरांनी दार उघडलं, पण तिच्याकडे बघायचा त्यांना धीर झाला नाही. खाली मान घालूनच ते बाजूला झाले. "या," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.