दक्षिणेकडच्या भिंतीचा लोणा

भिवंडीतल्या त्या मुलींच्या शाळेची दक्षिणेकडची भिंत दरवर्षी पितृपक्षात पांढरी व्हायची. पाऊस सरून विटा वाळू लागल्या की आतला खार बाहेर फुटायचा आणि लाल भिंत बुरशी धरलेल्या भाकरीसारखी दिसायची. मग अंजूरहून राघो गवंडी यायचा आणि कोरड्या ब्रशनं लोणा झाडायचा. पाणी लावायचं नाही, हा त्याचा नियम. पाण्यानं खार आत पळतो आणि सुट्टी संपली की हजर. झाडलेलं पांढरं मात्र तो फडक्यात बांधून नेई. शाळेच्या शिपायाची खात्री होती की म्हातारा त्यानं दात घासतो.

राघोच्या लेखी तो खार म्हणजे त्याचा भाऊ होता.

पस्तीस वर्षांपूर्वी ही भिंत उभी राहत असताना विहीर आटली. मुकादम म्हणाला, "खाडीचं आणा. भिंतीला कुठं चव कळते?" राघोचा धाकटा भाऊ काळूराम कावडीनं खाडीचं पाणी आणू लागला. नवव्या दिवशी भरतीत गेला. कावड सापडली, काळूराम सापडला नाही. मुकादमानं कावड दुसऱ्याच्या खांद्यावर दिली. जाळायला काही मिळालं नाही, तेव्हा अस्थी कुठल्या? पण भिंतीतून येतं ते त्यानंच वाहून आणलेलं, हे राघोला पक्कं ठाऊक. सर्वपित्रीला तो फडकं खाडीत सोडी. भाऊ असा मूठमूठ मार्गी लागत होता.

एक्क्याण्णव साली शुभदाबाई मुख्याध्यापिका म्हणून आल्या.

"राघोदादा, हे दरवर्षी येतं तरी का?"

"इटेचा सोभाव हाय, बाई."

"स्वभाव असायला वीट काय माझी सासू आहे?"

राघो हसला नाही. वरची पन्हळ फुटलीय, पाणी तिथून भिंतीत मुरतं, हे त्याला अकरा वर्षं माहीत होतं. अकरा वर्षं त्यानं त्या बाजूला मान वर केली नव्हती. शुभदाबाईंनी एकदाच केली. मे महिन्यात पन्हळ बदलली.

पुढच्या पितृपक्षात राघो ब्रश घेऊन आला, तर भिंत कोरडी, लालभडक. बाईंनी मुलींना ओळीनं उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या. टाळ्या राघोसाठी की भिंतीसाठी, हे मुलींना सांगायचं राहून गेलं. राघोच्या हातात नारळ आला.

"आत ऱ्हायलाय त्याचं काय, बाई?"

"काय राहिलंय?"

"खार."

"राहू दे की. कुणाला दिसतोय?"

राघोनं नारळ खाली ठेवला आणि भिंत झाडायला घेतली.

"अहो दादा, स्वच्छ आहे ती!"

"व्हय, बाई."

ब्रश चालूच. लाल भुकटी पडत राहिली. मधली सुट्टी झाली तोवर विटेत खळगा पडला होता. बाई तावातावानं आल्या आणि त्याचा चेहरा बघून थांबल्या.

"पन्हळ फुटल्याली मला ठावं व्हतं," राघो म्हणाला. "सांगितलं न्हाय. भाऊ अर्धाच गेलाय माजा." मग त्यानं सगळं सांगितलं, भिंतीकडे तोंड करून.

काही सुचेना तेव्हा बाई शाळेच्या दाखल्याचेच प्रश्न विचारत.

"नाव?"

"काळूराम."

"वय?"

"एकोणीस."

"शिक्षण?"

"शाळेत कदी बसला न्हाय. बांदायलाच आल्ता."

घंटा झाली. मुली वर्गात गेल्या. बाई तिथंच उभ्या राहिल्या आणि राघोनं शेजारची वीट झाडायला घेतली.