पोस्टरवरची बाई

धाकटीने अकरा वर्षं एका वाद्यवृंदात अकॉर्डियन वाजवलं, तेही मागच्या रांगेत, ड्रमवाल्याच्या कोपरापासून वीतभर अंतरावर. एका कार्यक्रमात त्या कोपराचा तडाखा तिच्या गालावर बसला. ड्रमवाल्याला पत्ताच नव्हता, आणि प्रेक्षक टाळ्या वाजवत होते त्या पुढे उभ्या असलेल्या गायकाला. गाल चोळत तिने ठरवलं, बस्स झालं. आता वाजवायचं ते एकटीने, स्वतःच्या चाली, स्वतःच्या नावावर.

घरी आई खूश झाली, भाऊ गोंधळला आणि वहिनीने पदर खोचला.

"नुसतं वाजवता येऊन काय उपयोग?" वहिनी म्हणाली. "लोकांना कळायला नको, तुम्ही कोण ते? फोटो हवा, परिचय हवा. माणसाचा रुबाब दिसायला हवा."

म्हणून धाकटी फोटोग्राफरकडे गेली. त्याने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि उसासा टाकला. चष्मा काढायला लावला. केस मोकळे सोडून समोर पंखा लावला. गडद लाल झगा दिला, तो दोन माणसं मावतील एवढा होता, म्हणून पाठीमागून टाचण्या लावून आवळला. शेवटी अकॉर्डियनकडे बोट दाखवून म्हणाला, "तो डबा बाजूला ठेवा, चेहरा झाकतोय."

चष्म्याविना तिला फोटोग्राफर कुठे आहे तेही नीट दिसत नव्हतं. तिने अंदाजाने एका दिशेला डोळे लावले. फोटोत ती नजर भलतीच गूढ आली.

परिचय भावाने लिहिला. 'सुरांच्या क्षितिजावर अवतरलेली तेजस्विनी' अशी त्याची सुरुवात होती. आईने तो दोनदा वाचला आणि विचारलं, "छान आहे रे. पण ही कोण?"

तरी फोटो आणि परिचय सगळीकडे गेले, आणि महिन्याभरात एक आमंत्रण आलं. वाचनालयाशेजारचं छोटं सभागृह, रविवारी पाच वाजता. धाकटीचे पाय जमिनीवर ठरेनात.

रविवारी ती तासभर आधीच पोचली. सैल सदरा, रबरबँडने बांधलेले केस, नाकावर चष्मा, पाठीवर वाद्याची पेटी. सभागृहाच्या काचेच्या दारावर तिचंच पोस्टर होतं, तिच्यापेक्षा हातभर उंच. दाराशी पिकल्या मिशांचा दरवान उभा होता.

"कलाकार अजून आलेल्या नाहीत," तो म्हणाला. "त्या आल्याशिवाय कुणाला आत सोडायचं नाही, असा हुकूम आहे."

"अहो, मीच ती."

दरवानाने पोस्टरकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा पोस्टरकडे पाहिलं. "बाई, माझं वय अठ्ठावन्न. चेष्टा करायची तर आपल्या वयाच्या माणसांशी करावी."

"मग आयोजक बाईंना बोलवा."

"त्या कलाकारांना आणायला बसथांब्यावर गेल्यात. फुलं घेऊन."

तिने फोन लावला तर आयोजक बाईंचा फोन आतल्या टेबलावरच वाजायला लागला. एव्हाना दाराशी माणसांची रांग लागू लागली होती. एका आजोबांनी तिला विचारलं, "वाद्य दुरुस्त करायला आलात का?" धाकटीला आधी राग आला, मग रडू आलं, आणि शेवटी बाहेर आलं ते हसू. एकदा हसायला लागली ती थांबेचना. मी मीच आहे हे पटवायला आणखी कुठला पुरावा होता तिच्यापाशी?

ती पायरीवर बसली, पेटी उघडली, पट्टे खांद्यावर चढवले आणि भाता ताणला.

जिना उतरता उतरता तिला सुचलेली एक खट्याळ चाल होती. दोन पायऱ्या खाली, एक वर, मधेच एक उडी. वाद्यवृंदात ती कधी कुणी वाजवू दिली नव्हती. पहिल्या फेरीला माणसं वळली. दुसऱ्या फेरीला आजोबांची काठी ठेका धरू लागली. भाजीची पिशवी घेऊन घरी निघालेली एक बाई थांबली, पिशवी खाली ठेवली आणि जागच्या जागी डुलू लागली. ते बघून धाकटीने अशी काही उडी घेतली, की रांगेतून "वा!" आली. अकरा वर्षांत पहिल्यांदा ती "वा!" तिच्या एकटीची होती.

दरवान वळला आणि त्याने दाराची दोन्ही कवाडं सताड उघडली.

"सोडताय का आत?" आजोबांनी विचारलं.

"छे, हुकूम नाही," तो म्हणाला. "पण आतल्या खुर्च्यांनी काय पाप केलंय? त्यांनाही ऐकू दे."

तेवढ्यात आयोजक बाई धापा टाकत आल्या, हातात फुलं. "कलाकार सापडल्याच नाहीत हो!" म्हणता म्हणता त्या थबकल्या. "अगंबाई, तुम्हीच? मघाशी माझ्यासमोरून गेलात की!"

"गेले. नमस्कारही केला."

"मला वाटलं, पत्ता विचारताय!"

सगळे खो खो हसले, दरवान सगळ्यांत जास्त. मग रांग वाजतगाजत आत गेली, धाकटी पुढे वाजवत, माणसं मागे. दीड तास तिने जीव ओतून वाजवलं. चाल रंगात असताना येऊन पोचलेल्या वहिनीने पायरीवरचा एक फोटो तेवढा टिपला होता: चष्मा नाकाच्या शेंड्यावर, तोंड उघडं, भाता पूर्ण ताणलेला.

दुसऱ्या दिवशी जुनी सगळी पोस्टरं उतरली. नवा परिचय धाकटीने स्वतः लिहिला, भाऊ जरा हिरमुसला तरी. 'अकॉर्डियन वाजवते. चाली माझ्याच.'

आठवड्याभरात फोन येऊ लागले. ते घ्यायचं काम वहिनीने हक्काने मागून घेतलं. ती दिवसभर दातांच्या दवाखान्यात फोन घेते, त्यामुळे सवय जात नाही.

"नमस्कार," ती पहिल्याच आयोजकांना म्हणाली, "त्रास कधीपासून आहे?"

पलीकडून आवाज आला, "तुमच्या नणंदेला ऐकल्यापासून."

वहिनीने तारीख लिहून घेतली.